लहान ऑफिसात आयएसडीएन: लाइन लागते कशी आणि सुटते कशी

प्रश्न डायल-अप मोडेमच्या काळातला, आणि उत्तरही तेव्हाचंच. थोडक्यात असा: सहा जणांचं ऑफिस. सहाही संगणक एका हबवर जोडलेले आहेत, पण मोडेम एकाच संगणकाला. मेल पाहायची म्हटली की त्या टेबलाशी रांग लागते आणि तिथे बसणाऱ्याचं काम थांबतं. टेलिफोन कंपनी आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनच्या तारांवरूनच चालणारी डिजिटल लाइन, द्यायला तयार आहे. तर सामान काय घ्यावं, जोडणी कशी करावी, दोन्ही चॅनल लावले की वेग खरंच दुप्पट होतो का, आणि बिल किती वाढेल?

बिलापासूनच सुरुवात करतो. आयएसडीएन झाली तरी ती टेलिफोनचीच लाइन. राउटर फोन लावतो, आणि फोन चालू आहे तोवर मीटर पळत असतं. मोडेम होता तेव्हा माणूस नंबर फिरवायचा, अर्धा मिनिट शिट्ट्या ऐकायचा आणि काम झालं की बंद करायचा. आता तेच काम राउटर एक-दोन सेकंदांत, चकार शब्द न काढता करणार. कोणी मेलचं बटण दाबलं, लागला फोन. कोणी काहीच दाबलं नाही, पण एखाद्या संगणकाने आपणहून बाहेर काही विचारलं, तरी लागला फोन. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत 'लाइन लागत नाही' अशा थोड्या असतात आणि त्या तासाभरात मिटतात. 'लाइन सुटत नाही' हे मात्र बिल हातात आल्यावर कळतं. म्हणून जोडणीबद्दल लागेल तेवढंच लिहितो आणि लाइन सुटण्याबद्दल सविस्तर.

तुम्हाला मिळेल ती बेसिक रेट लाइन, म्हणजे बीआरआय: ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनल. बोलणं किंवा डेटा बी चॅनलवरून जातो. डी चॅनल निरोप्या: कोणाला फोन लावायचा, कोणाचा येतोय, कोणी ठेवला, हे एक्स्चेंजशी तो बोलतो. त्यामुळे दोन्ही बी चॅनल गुंतलेले असले तरी बाहेरून येणाऱ्या फोनची वर्दी तुमच्यापर्यंत पोचते. हे सगळं साध्या टेलिफोनच्या त्याच दोन तारांवरून येतं. मात्र एक्स्चेंजपासूनचं अंतर साधारण साडेपाच किलोमीटरच्या आत हवं आणि वाटेत लोडिंग कॉइल (लांब तारेवर आवाज नीट यावा म्हणून बसवलेलं वेटोळं) नको. लाइन देण्याआधी कंपनीचा माणूस तपासून जातो तो याचसाठी.

वेगाबद्दल गैरसमज नको. ६४ म्हणजे जाता-येता ६४. व्ही.९० मोडेमच्या खोक्यावरचा ५६ हा आकडा फक्त खाली येणाऱ्या बाजूचा असतो. वर पाठवताना तो मोडेम ३३.६ च्या पुढे जात नाही, आणि लाइन खराब असेल तर त्याहून खाली येतो. एक मेगाबाइटची फाइल पाठवायला एका बी चॅनलवर सव्वादोन-अडीच मिनिटं धरा. मोडेमवर तेच चार मिनिटांच्या पुढे जातं. फार मोठी उडी नाही. खरी सोय आहे ती चटकन लागण्याची आणि सहाही जणांना एकाच लाइनवरून जाता येण्याची.

अर्ज भरताना टेलिफोन कंपनीला चार गोष्टी विचारून घ्या. दोन्ही बी चॅनलवर डेटा कॉलची परवानगी आहे का (काही ठिकाणी एकावर फक्त बोलण्याची देतात). लाइन पॉइंट-टू-मल्टिपॉइंट आहे का, म्हणजे एकापेक्षा जास्त उपकरणं लावता येतील. युरोपीय पद्धतीची लाइन असेल तर किती एमएसएन, म्हणजे किती नंबर मिळणार. आणि उत्तर अमेरिकी पद्धतीची असेल तर एसपीआयडी, म्हणजे लाइनचे ओळख क्रमांक, कोणते आणि एक्स्चेंजच्या स्विचचा प्रकार कोणता. एसपीआयडीतला एक आकडा चुकला तरी लाइन मेल्यासारखी पडून राहते, म्हणून तो तोंडी घेऊ नका, कागदावर लिहून घ्या.

इंटरनेट कंपनीला विचारायचं ते वेगळं. आयएसडीएनसाठीचा नंबर मोडेमच्या नंबरहून निराळा आहे का? पासवर्ड पॅपने तपासतात की चॅपने? मल्टिलिंक, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र बांधणं, चालतं का, आणि चालत असेल तर दुसऱ्या चॅनलचे वेगळे पैसे लावतात का? आयपी पत्ता कायमचा की दर वेळी नवा? डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते कोणते? ही उत्तरं हातात आल्याशिवाय राउटरच्या खोक्याला हात लावू नये.

आता तारा. भिंतीतून येणाऱ्या दोन तारा एनटी-१ नावाच्या डबीत जातात. त्या बाजूला यू इंटरफेस म्हणतात. डबीच्या दुसऱ्या अंगाला चार तारांची एस/टी बस निघते आणि तिच्यावर आठपर्यंत उपकरणं लागतात. बहुतेक देशांत एनटी-१ टेलिफोन कंपनीच देते. उत्तर अमेरिकेत ती ग्राहकाने घ्यायची असते, म्हणून तिथले बरेच राउटर एनटी-१ पोटात घेऊनच येतात. खरेदीत चूक होते ती इथे: यू जोडणीचा राउटर एस/टी बसवर चालत नाही आणि एस/टीचा राउटर थेट भिंतीतल्या तारांवर चालत नाही. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच पैसे द्या.

एस/टीची तार आरजे-४५ मध्येच येते आणि नेटवर्कची तारही तशाच कनेक्टरची. दोन्ही एकाच राउटरच्या पाठीला, शेजारी शेजारी. पहिल्याच दिवशी दोन्ही केबलना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. साफसफाईत काढलेली केबल चुकीच्या भोकात गेली म्हणून मी एकदा भर पावसात जाऊन आलोय.

बस लांबवणार असाल, म्हणजे राउटर एका खोलीत आणि आयएसडीएन फोन दुसऱ्या खोलीत, तर टर्मिनेटर विसरू नका. बसच्या दोन्ही टोकांना, ३-६ आणि ४-५ या दोन्ही जोड्यांवर, १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. बऱ्याच एनटी-१ मध्ये एका टोकाचे रेझिस्टर आतच असतात आणि एका छोट्या स्विचने चालू-बंद होतात. तपासायला मल्टिमीटर पुरतो. सगळी उपकरणं आणि एनटी-१ काढून ठेवा, एका सॉकेटमध्ये ३ आणि ६ वर टोकं टेकवा. दोन्ही टोकांचे रेझिस्टर वायरिंगमध्येच असतील तर ५० ओहमच्या आसपास दिसायला हवं. एक टोक एनटी-१ च्या पोटात असेल तर १००. काहीच दिसलं नाही तर रेझिस्टर लावलेलेच नाहीत. ३३ दिसलं तर कोणीतरी मधल्या सॉकेटमध्येही उत्साहाने जोडी बसवलेली आहे. अशी बस एक राउटर असताना ठीक चालते आणि दुसरं उपकरण लावलं की अधूनमधून पडते. असा अधूनमधूनचा दोष शोधायला दोन दिवस जातात. मीटर टेकवायला दोन मिनिटं. बसची लांबी शंभर ते दोनशे मीटरच्या आत आणि सॉकेटपासून उपकरणापर्यंतची दोरी दहा मीटरच्या आत ठेवा. तुमच्यासारख्या ऑफिसात राउटर एनटी-१ शेजारीच ठेवला तर यातलं फारसं काही करावं लागत नाही, आणि माझा सल्ला तोच आहे.

राउटर की टर्मिनल अडॅप्टर (टीए)? टीए स्वस्त पडतो, पण तो एका संगणकाच्या सिरियल पोर्टला लागतो, म्हणजे रांग तशीच राहते. शिवाय साधा सिरियल पोर्ट १,१५,२०० च्या वर जात नाही, आणि त्यात प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट खर्च होतात. हाती उरतात ९२ केबीपीएस. दोन चॅनलचे १२८ मिळवण्यासाठी पैसे मोजायचे आणि पाव भागाहून जास्त पोर्टमध्येच अडकवायचा, हा व्यवहार मला पटत नाही. संगणकात बसणारं आयएसडीएन कार्ड ही अडचण टाळतं, पण तो संगणक दिवसभर चालू ठेवावा लागतो आणि तो अडकला की सगळे अडकतात. सहा जणांना सरळ इथरनेटवाला राउटर घ्या. त्यात नॅट हवं, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता सहा जण वापरतील. संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते राउटरच डीएचसीपीने वाटेल.

राउटर विकत घेताना वेगाचे आकडे पाहू नका, ते सगळ्यांचे सारखेच. तीन गोष्टी पाहा: कोणत्या पॅकेटने (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याने) फोन लागावा आणि कोणत्याने नाही हे ठरवता येतं का, दिवसाला किंवा महिन्याला जास्तीत जास्त किती मिनिटं याची मर्यादा घालता येते का, आणि प्रत्येक कॉल का लागला याची नोंद राहते का. तिसरी नसेल तर तो राउटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. लाइन आपोआप सुटते ती आयडल टाइमरमुळे: ठरावीक सेकंद कामाचं काही गेलं नाही की राउटर फोन ठेवतो. हा आकडा किती ठेवावा ते तुमची कंपनी कॉल कसा मोजते त्यावर आहे. सेकंदावर मोजत असेल तर साठ-नव्वद सेकंद पुरे. तीन मिनिटांच्या पल्सने मोजत असेल तर साठ सेकंदांनी फोन ठेवून सत्तराव्या सेकंदाला परत लावणं म्हणजे एकाच पल्सचे दोनदा पैसे देणं. अशा ठिकाणी पल्स संपायच्या थोडं आधी सुटेल असं जमवावं. काही एक्स्चेंज चालू कॉलमध्येच किती युनिट झाली ते डी चॅनलवरून कळवतात. राउटरला ते वाचता येत असेल तर तो युनिट संपता संपता फोन ठेवतो. ही सोय मिळाली तर आवर्जून घ्या.

पण टाइमर कितीही नेमका लावला तरी पाच मिनिटांनी कोणीतरी नवं पॅकेट सोडत असेल तर त्याचा काय उपयोग?

एका ऑफिसात जोडणी केल्यावर महिन्याने फोन आला: बिलाचा कागद जाडजूड आलाय, आणि निम्मे कॉल रात्रीचे. रात्री तिथे कोणी नसतं. राउटरच्या नोंदी काढल्या. ठरावीक अंतराने कॉल, प्रत्येक कॉल काही सेकंदांच्या कामाचा, मग आयडल टाइमर पुरा होईपर्यंत लाइन नुसतीच उघडी. कॉल कशाने लागला त्या रकान्यात प्रत्येक ओळीत तेच: पाठवणारा पोर्ट १३७, जाणारा पोर्ट ५३. (पोर्ट म्हणजे इथे पॅकेट कोणत्या सेवेचं ते सांगणारा आकडा: १३७ नेटबायोसचा, म्हणजे आसपासची मशीन नावाने शोधायच्या विंडोजच्या सोयीचा, आणि ५३ डीएनएसचा.) हिशेबाचा संगणक रात्रभर चालू असायचा आणि पूर्वी कधीतरी जोडलेल्या, आता नसलेल्या एका मशीनचं शेअर केलेलं फोल्डर शोधत बसायचा. आसपास सापडेना, म्हणून नाव डीएनएसला विचारायचा. डीएनएस बाहेर, म्हणून राउटर फोन लावायचा. 'असं नाव नाही' असं उत्तर यायचं. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून.

विंडोजच्या मशीनवर नेटबायोस असतोच, तेव्हा हे कुठेही होऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी राउटरमध्ये १३७, १३८, १३९ हे पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर बाहेर जायला बंद करा. आणि जाणारा पोर्ट तपासणं पुरत नाही हे वरच्या गोष्टीतून दिसलंच असेल: पोर्ट १३७ वरून निघून ५३ ला जाणारी पॅकेटंही वेगळा नियम लिहून अडवावी लागतात. बऱ्याच जणांच्या यादीत हा नियम नसतो.

दुसरा छुपा खर्च लाइन सुटल्यानंतरचा. कोणीतरी ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलं, टाइमरने लाइन सोडली, पण संगणकाच्या दृष्टीने जुनी टीसीपी जोडणी अजून जिवंतच. ती बंद करायला तो थोड्या वेळाने एक पॅकेट पाठवतो. राउटर फोन लावतो. दर वेळी नवा आयपी पत्ता मिळत असेल तर पलीकडचा सर्व्हर या पॅकेटला ओळखतही नाही, आणि संगणक तेच परत पाठवत राहतो. फोन लागण्याचा हक्क फक्त नवी जोडणी मागणाऱ्या पॅकेटला द्यायचा, निरोप घेणाऱ्याला नाही, अशी सोय चांगल्या राउटरमध्ये असते. ती चालू करा.

तिसरा खर्च सरळ सरळ माणसांचा. मेलचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी टपाल पाहतो आणि असे सहा प्रोग्राम आहेत. सहाही वेगवेगळ्या मिनिटाला जागे होतात आणि लाइन दिवसभर सुटतच नाही. मेल मागवायचं अंतर वाढवा, किंवा ऑफिसातच एक छोटा मेल सर्व्हर ठेवून तो तासाला एकदा सगळ्यांचं टपाल आणेल असं करा. इंटरनेट कंपनी टपाल आपल्याकडे थोपवून ठेवायला तयार असेल तर ईटीआरएन या आज्ञेने तुमचा सर्व्हर लाइन लागल्यावर ते एकगठ्ठा मागवू शकतो. घड्याळ जुळवणारे आणि अँटिव्हायरसची यादी आणणारे प्रोग्रामही आपल्या मनाने जागे होतात. त्यांची वेळ ठरवून द्या.

आणि चौथा, सर्वांत चीड आणणारा: चुकलेला पासवर्ड. पासवर्ड तपासला जातो तो पलीकडे फोन उचलल्यानंतर. म्हणजे नकार मिळालेल्या प्रत्येक प्रयत्नाचे पैसे लागतात, आणि राउटर बिचारा न थकता प्रयत्न करतो. पासवर्ड बदलायची वेळ आली की आधी केबल काढा, मग बदला. लागोपाठ तीन-चार अपयशांनंतर थांबायची मर्यादा घालून ठेवा, आणि दिवसाच्या एकूण मिनिटांचीही. मर्यादा लागून संध्याकाळी इंटरनेट बंद पडलं तर लोक कुरकुर करतील. करू द्या.

दोन चॅनलचा वेग दुप्पट होतो का? होतो, पण पैसेही दुप्पट, कारण ते दोन वेगळे कॉल आहेत. पीपीपी म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट कंपनीशी बोलायची पद्धत; मल्टिलिंक पीपीपी दोन्ही कॉल एकत्र बांधून १२८ ची एक लाइन करतं. दुसरा चॅनल कायम लावून ठेवू नका. पहिल्यावरचा भार सत्तर टक्क्यांच्या वर अर्धा मिनिट टिकला तर दुसरा लागावा आणि भार उतरला की लगेच सुटावा, असं ठेवा. कधी कधी दुसरा कॉल लागतो, पण वेग वाढत नाही. तेव्हा दोष बहुधा पलीकडचा: तुमचा दुसरा कॉल इंटरनेट कंपनीच्या वेगळ्याच यंत्रावर जाऊन पडलेला असतो आणि त्या दोन यंत्रांना एकमेकांचा पत्ता नसतो. इकडे कितीही सेटिंग बदलली तरी ते सुधारत नाही.

जोडणी चालत नसेल तर खालून वर या. एनटी-१ चा दिवा लागत नाही, तर तार किंवा वीज. दिवा आहे पण राउटरला टीईआय, म्हणजे एक्स्चेंजकडून मिळणारा उपकरणाचा क्रमांक, मिळालेला नाही, तर स्विचचा प्रकार तपासा; टीईआय आहे पण एसपीआयडी नाकारला जातोय, तर तो चुकलाय. हे ठीक असेल तर इंटरनेटच्या आधी राउटरकडून स्वतःच्याच नंबरवर डेटा कॉल लावून पाहा. एका बी चॅनलने गेलेला कॉल दुसऱ्यावर येतो, आणि दोन्ही चॅनल धड असल्याची खात्री होते. मग इंटरनेट कंपनीचा नंबर. कॉल पडला तर नोंदीत कारणाचा आकडा असतो. १६ म्हणजे रीतसर ठेवला, १७ म्हणजे पलीकडे गुंतलेला, १ म्हणजे असा नंबरच नाही, ३४ म्हणजे वाटेत मोकळा चॅनल नाही. ८८ दिसला तर पलीकडचं उपकरण या प्रकारचा कॉल घेऊ शकत नाही. बहुधा मोडेमच्या नंबरवर डेटा कॉल गेलेला असतो; नंबर पुन्हा विचारा. ५७ असेल तर तुमच्या लाइनवर डेटाची परवानगीच दिलेली नाही. कॉल लागतो पण पुढे पीपीपीची बोलणी जमत नाहीत, तर वाटेतला एखादा जुना टप्पा ६४ ऐवजी ५६ च नेत असेल. कॉलचा वेग ५६ ठेवून पाहा. बोलणी होऊन पासवर्डावर अडलं, तर नावातली लहान-मोठी अक्षरं आणि शेवटी चिकटलेली रिकामी जागा तपासा.

टेलिफोनबद्दल शेवटचं. तुमचे साधे फोन आणि फॅक्स एस/टी बसवर लागत नाहीत. त्यासाठी साध्या फोनची भोकं असलेला राउटर किंवा एनटी घ्यावा लागतो. दोन्ही चॅनल डेटात गुंतलेले असताना फोन आला तर एक चॅनल सोडून तो बोलण्याला द्यायची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते; ती चालू ठेवा. पण वीज गेली की त्या भोकांवरचे साधे फोन मुके होतात, कारण त्यांची वीज त्या खोक्यातूनच येते. म्हणून एक जुनी साधी लाइन काढू नका. फॅक्स तिच्यावरच राहू द्या.

सगळं बसलं की शुक्रवारी संध्याकाळी संगणक रोजच्या सवयीनेच सोडून जा: जे चालू राहतात ते चालूच राहू द्या. निघताना राउटरमधला कॉलचा आकडा कागदावर लिहा. सोमवारी सकाळी कोणी मेल उघडायच्या आत तो पुन्हा पाहा. एकानेही वाढलेला असेल तर नोंद उघडा, कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पोर्टला काय निघालं ते वाचा, आणि त्या टेबलाशी जाऊन उभे राहा.